सोळा पूर्ण, अठरा अपूर्ण

पुण्यात कुणाचं डोकं फिरलं की त्याची रवानगी येरवड्याला होते, निदान बोलण्यात तरी. नेमक्या कुठल्या फाटकातून आत पाठवायचं ते ऐकणाऱ्यानं ठरवायचं, कारण मनोरुग्णालय तिथेच आणि मध्यवर्ती कारागृहही तिथेच. येरवड्यात तिसरीही एक जागा आहे, ती मात्र विनोदात कधी येत नाही. पंडित जवाहरलाल नेहरू उद्योग केंद्र. रिक्षावाल्याला हे नाव सांगितलं तर तो विचारतो, "आयटीआय का?" रिमांड होम म्हटलं की मीटर टाकतो. मुलांचं निरीक्षणगृह तिथे आहे, अल्पवयीन आरोपींची प्रकरणं चालवणारं बाल न्याय मंडळही तिथेच बसतं.

मी शाळेत समुपदेशक आहे. मुलं काउन्सेलर मॅम म्हणतात, आमच्या शिपाई मावशी 'डोक्याच्या मॅडम' म्हणतात, आणि मला ते जास्त आवडतं. माझे दिवस मार्क, मोबाइल, मैत्रिणीनं धरलेला अबोला आणि घरातली भांडणं यांत जातात. येरवड्याला जायची वेळ क्वचित येते, शाळेतला एखादा मुलगा तिथे पोचला तरच. पण अलीकडे माझ्या केबिनमधला आणि मंडळाच्या बाहेरच्या बाकावरचा प्रश्न एकच आहे असं वाटायला लागलंय: सोळा-सतराचं पोर लहान की मोठं?

१९ मे २०२४ च्या पहाटे कल्याणीनगरमध्ये पोर्शे गाडीच्या धडकेत दोन तरुण अभियंत्यांचा जीव गेला. गाडी सतरा वर्षांचा मुलगा चालवत होता असा आरोप. काही तासांत जामीन झाला, त्याच्या अटींत अपघातांवर ३०० शब्दांचा निबंध होता, आणि शहर पेटलं. आमच्या स्टाफरूममध्ये मराठीच्या बाई म्हणाल्या, "३०० शब्दांचा निबंध माझ्या नववीलाही झेपत नाही, म्हणजे शिक्षा तशी कडकच आहे." सगळे हसले आणि मग जे बोलले ते हसण्यासारखं नव्हतं. एकच सूर: वय खाली आणा. सोळा करा, चौदा करा. कोयता घेऊन गाड्या फोडत फिरणाऱ्या पोरांच्या बातम्या पुण्यात त्याआधीपासून येत होत्याच, तेव्हाही हाच सूर होता.

मला तो निबंध पोरकट वाटला. पण जामीन चुकीचा वाटला नाही, आणि हे त्या दिवसांत पुण्यात मोठ्यानं म्हणायची सोय नव्हती. बाल न्याय कायद्याच्या कलम १२ नुसार मुलाला जामीन हाच नियम आहे. तो नाकारायचा तर ठरावीक कारणं लागतात, आणि 'गुन्हा फार भयंकर आहे' हे त्यांतलं कारण नाही. पुढे लोकांचा रेटा वाढला, मुलाला निरीक्षणगृहात ठेवलं गेलं, आणि २५ जून २०२४ रोजी मुंबई उच्च न्यायालयानं ते ठेवणंच बेकायदा ठरवलं. त्याच्यावर सज्ञान म्हणून खटला चालवायची पोलिसांची मागणी मंडळानं जुलै २०२५ मध्ये फेटाळली. त्या मुलाच्या रक्ताचे नमुने बदलल्याचं प्रकरण बाहेर आलं तेव्हाचा शहराचा संताप शंभर टक्के खरा होता. पण तो पैशावरचा आणि वशिल्यावरचा संताप होता, आणि उतरला तो वयावर. माझ्या वर्गातल्या पोरांच्या वयावर, ज्यांच्याकडे पोर्शे तर सोडाच, पीएमपी बसचा पासही महिनाअखेरीला संपलेला असतो.

एक मात्र खरं, की वय आधीच खाली आलेलं आहे. डिसेंबर २०१२ च्या दिल्लीतल्या निर्भया प्रकरणानंतर न्यायमूर्ती वर्मा समितीनं वय कमी करू नका असं सांगितलं होतं. त्या प्रकरणातला अल्पवयीन आरोपी २० डिसेंबर २०१५ ला सुटला आणि दोनच दिवसांनी राज्यसभेनं नवा बाल न्याय कायदा मंजूर केला. त्याच्या कलम १५ नुसार सोळा पूर्ण झालेल्या मुलानं ज्या गुन्ह्याला किमान सात वर्षांची शिक्षा आहे असा 'घृणास्पद' गुन्हा केल्याचा आरोप असेल, तर मंडळ आधी एक प्राथमिक मूल्यांकन करतं. गुन्हा करण्याची शारीरिक आणि मानसिक क्षमता त्याच्यात होती का, परिणाम कळत होते का, कोणत्या परिस्थितीत त्यानं तो केला. त्यावरून ठरतं, पोरगं पोर म्हणून उभं राहणार की सज्ञान म्हणून.

हे तीन प्रश्न मानसशास्त्र शिकलेल्या माणसासमोर ठेवून बघा. गुन्हा घडला त्या रात्री मुलाच्या मनात काय होतं, हे काही आठवड्यांनंतर, बंद फाटकाच्या आत, घाबरलेल्या मुलाशी बोलून सांगायचं. वर 'कोणत्या परिस्थितीत केला' हे विचारायचं, जेव्हा त्यानं केलाय की नाही हेच अजून ठरलेलं नाही. परिणाम कळतात का, असं विचाराल तर कोयत्यानं माणूस कापला जातो हे सहावीतल्या मुलालाही कळतं. कळणं आणि थांबता येणं या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. गार्डनर आणि स्टाइनबर्ग या अमेरिकन संशोधकांनी २००५ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला, त्यात मुलांना आणि मोठ्यांना संगणकावर गाडी चालवायचा खेळ दिला होता. एकटं असताना आणि दोस्त बघत असताना. दोस्त बघत असले की सगळ्यांत जास्त धोका पत्करला तो किशोरवयीन मुलांनी, प्रौढांवर बघणाऱ्यांचा तितका परिणाम झाला नाही. बाजीराव रोडवर रात्री एका बाइकवर तिघं जाताना बघितलेल्या कुणालाही यात नवल वाटणार नाही.

पूर्वी मानसतज्ज्ञाची मदत घ्यायची की नाही हे मंडळाच्या मर्जीवर होतं. जुलै २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की मंडळावर बालमानसशास्त्र किंवा बालमानसोपचारातला व्यावसायिक नसेल तर ही मदत घ्यावीच लागेल. चांगलं झालं. म्हणजे कायद्यानं अखेर मुलाच्या मनाची विचारपूस सक्तीची केली, पण केव्हा, तर त्याला मोठ्यांच्या कोर्टात पाठवायचं का हे ठरवताना.

आता या सोळा पूर्ण, अठरा अपूर्ण मुलाकडे बाकीचे कायदे कसे बघतात ते सांगते. चौदा पूर्ण झाली की धोक्याचं नसलेलं काम तो करू शकतो. सोळाव्या वर्षी ५० सीसीपर्यंतच्या दुचाकीचं लायसन मिळतं. क्लासबाहेर ओळीनं लावलेल्या ॲक्टिव्हा त्याच्या दुपटीच्या आहेत ही गोष्ट पुण्यातले सगळे आईबाप सोयीनं विसरलेत, खरं तर पकडलं तर तीन वर्षांपर्यंतची कैद गाडीमालकाला आहे. त्याच्या वैयक्तिक माहितीसाठी २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात पालकांची संमती सांगितली आहे. प्रेमात शारीरिक जवळीक आली तर कायद्याच्या लेखी त्याची किंवा तिची संमती अस्तित्वातच नाही. आणि झोप लागत नाही, मरावंसं वाटतं, म्हणून उपचार हवे असतील तर २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात सगळे निर्णय पालकांच्या हातात. सोळा आणि सहा यांत फरक नाही. एवढ्या सगळ्या दारांवर तो लहान, नाहीतर अर्धामुर्धा मोठा, आणि पूर्ण मोठा होतो तो फक्त एका दारात.

मला हे कलमांतून कळलं नाही, केबिनमध्ये कळलं.

आमच्या शाळेला जोडून कनिष्ठ महाविद्यालय आहे. तिथली अकरावीतली एक मुलगी मधल्या सुट्टीत आली (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदललेत). दप्तर मांडीवर, आणि त्याची चेन वर-खाली, वर-खाली.

"मॅम, एक सांगू? कुणाला सांगणार नाही ना?"

या प्रश्नाला आमच्या पेशात एक ठरलेलं उत्तर आहे, आणि ते ऐकायच्या आधी द्यावं लागतं. मी दिलं. म्हटलं, तू बोललीस ते इथेच राहील, पण तुझ्या जिवाला धोका असेल, किंवा तू दुसऱ्या कुणाला इजा करशील असं वाटलं, किंवा कुणी तुझ्याशी शरीरसंबंध ठेवला असेल, तर मला पुढे कळवावं लागतं. तुझ्या मर्जीनं असेल तरी.

"कुणाला? आईला?"

"पोलिसांना."

चेन थांबली. मग म्हणाली, "नाही, ते... केमिस्ट्रीचं टेन्शन आलंय." सुट्टी संपेपर्यंत आम्ही मोल कन्सेप्टवर बोललो. मला तो तिच्याहूनही कमी येतो.

मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धचा कायदा म्हणजे पोक्सो. त्याच्या कलम १९ नुसार लैंगिक गुन्हा घडलाय किंवा घडेल असं ज्याला कळलं त्या प्रत्येकानं कळवायचंच आहे. न कळवणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद, संस्थेचा प्रमुख असेल तर वर्षापर्यंत. हे कलम उगाच आलेलं नाही. वर्षानुवर्षं शाळांनी, वसतिगृहांनी, घरांनी मुलांवरचे अत्याचार 'संस्थेची बदनामी नको' म्हणून गिळले म्हणून ते आलं. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरला लोक रेल्वे रुळांवर उतरले तेव्हा शाळेनं वेळेवर कळवलं नाही हाच मोठा आरोप होता. बालवाडीतल्या मुलीसाठी मला हे कलम आहे तसंच हवंय, जमलं तर आणखी कडक. पण तेच कलम सतरा वर्षांच्या मुलीला आणि तिच्या सतरा वर्षांच्या मित्रालाही लागतं, आणि मग मुलगा जातो येरवड्याच्या फाटकात आणि मुलगी गप्प होते ती होतेच.

सप्टेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं डॉक्टरांपुरती एक वाट काढली. संमतीच्या संबंधातून गर्भ राहिलेली अल्पवयीन मुलगी गर्भपातासाठी आली तर पोलिसांना कळवताना तिचं नाव सांगायची सक्ती नाही. म्हणजे गर्भ राहिल्यावर तिला थोडा आडोसा आहे. त्याआधी, नुसतं बोलायला आली असताना, तेवढा स्पष्ट आडोसा आमच्या खुर्चीपाशी नाही. विधी आयोगानं सप्टेंबर २०२३ च्या अहवालात संमतीचं वय अठराच ठेवा, पण सोळा ते अठरामधल्या खटल्यांत न्यायाधीशांना तारतम्य वापरू द्या, अशी शिफारस केली. वयाबद्दल मी स्वतः ठाम नाही. गावाकडच्या बालविवाहांचं काय होईल या भीतीनं मीही कचरते. पण न्यायाधीशाचं तारतम्य खटला उभा राहिल्यावर. मुलगी दप्तराची चेन ओढत बसलेली असते त्या दिवशी कुणी तारतम्य वापरायचं?

कॉलेजात काम करणाऱ्या माझ्या मैत्रिणी सांगतात, अठरा झाल्या झाल्या मुली येतात आणि सांगतात ते दोन वर्षांपूर्वीचं असतं.

मुलांना मनोरुग्णालयात दाखल करण्याबाबतचे नियम खरं तर विचारानं लिहिलेत. दोन तज्ज्ञांनी स्वतंत्र तपासायचं, मोठ्या रुग्णांबरोबर ठेवायचं नाही, बहात्तर तासांत मानसिक आरोग्य मंडळाला कळवायचं. आणि पालकानं किंवा पालकानं नेमलेल्या माणसानं मुलाजवळ पूर्णवेळ राहायचं. यामागचा हेतू कळतो. पण चार घरची धुणीभांडी करणाऱ्या बाईनं पंधरा दिवस मुलाच्या पलंगाशेजारी काढले तर चारातली तीन घरं दुसरी बाई बघतात. तिच्या बुडालेल्या पगाराबद्दल कायदा अवाक्षर काढत नाही.

मुलगा मंडळासमोर पहिल्यांदा उभा राहिला की पंधरा दिवसांत परिवीक्षा अधिकाऱ्यानं सामाजिक तपासणी अहवाल द्यायचा असतो. सगळे त्याला पीओच म्हणतात, म्हणजे प्रोबेशन ऑफिसर. असे एक पीओ त्यांचा छापील फॉर्म घेऊन आमच्याकडे आले होते, शाळा सोडून गेलेल्या एका मुलाची माहिती घ्यायला. फॉर्म लांबलचक. घरात कोण कोण, कोणाशी कसं, सिगारेट, दारू, जुगार, टीव्ही, खेळ, वाचन, चित्रकला, देवधर्म, मित्र शिकलेले की न शिकलेले, शाळा सोडण्याचं कारण. पोलिसांच्या कागदावर 'अभ्यासात रस नाही' असं आधीच होतं. मुख्याध्यापिकांनी आठवीचा जुना हजेरीपट काढून दिला. दिवाळीपर्यंत जवळजवळ पूर्ण हजेरी. दिवाळीच्या सुट्टीत वडील गेले. त्यानंतर महिनाभर मुलगा येतोय, पण शेऱ्याच्या रकान्यात वर्गशिक्षकांचं बारीक अक्षर: 'वर्गात झोपतो. समज दिली.' पुन्हा 'झोपतो'. पुन्हा 'समज दिली'. जानेवारीत नुसत्या गैरहजेरीच्या खुणा, आणि शेवटी 'दीर्घ गैरहजर, पालकांस कळवले'. तेव्हा शाळेत समुपदेशकाचं पदच नव्हतं. पीओंनी त्या ओळी दोनदा वाचल्या.

"मॅडम, हा रात्री झोपत नव्हता बहुतेक."

"लिहा ना तसं."

"रकाना नाही." मग पेन उघडून समासात लिहिलं. त्या माणसाकडे तेव्हा इतक्या मुलांच्या फायली होत्या, की हे त्यांना लिहावंसं वाटलं याचंच मला आजही कौतुक वाटतं.

दिल्लीला नावं ठेवणं सोपं आहे, पण बाल न्याय कायद्याचे नियम करायचा अधिकार राज्याला आहे, महाराष्ट्रानं २०१८ मध्ये ते केलेतही. मंडळावर कोण बसणार, पीओ किती, मूल्यांकन करणाऱ्या मानसतज्ज्ञाला किती वेळ आणि किती मानधन, हे मुंबईत ठरतं. आपल्या विधिमंडळाला मात्र शिक्षा वाढवायला आवडतं. डिसेंबर २०२१ मध्ये स्त्रिया आणि मुलांवरच्या अत्याचारांविरुद्धचं शक्ती विधेयक फाशीच्या तरतुदींसह एकमतानं मंजूर झालं, आणि राष्ट्रपतींच्या मंजुरीविना अडकलं. पीओंच्या रिकाम्या जागा भरायला राष्ट्रपती लागत नाहीत.

जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं शंभर किंवा जास्त विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थांत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक हवा असं सांगितलं, तेव्हा माझा फोन अभिनंदनाच्या मेसेजनी भरला होता. आता नेमणुका होतील, हे खरं. मग कुठल्या तरी शाळेत समुपदेशक बाईंना ऑफ तासाला पाठवतील, स्नेहसंमेलनाचं निवेदन देतील, आणि केबिन देतील ती काचेची, मुख्याध्यापकांच्या दारासमोर. आत कोण रडतंय ते सगळ्या कॉरिडॉरला दिसावं अशी. (पडदा मी स्वतः लावलाय. तुळशीबागेतून आणला.)

मला काय हवं ते फार मोठं नाही. चौदाच्या पुढच्या मुलाला स्वतःच्या सहीनं समुपदेशकाशी चार-सहा वेळा बोलता यावं, पालकांची सही नंतर. सोळा ते अठरामधल्या, वयानं बरोबरीच्या मुलांच्या संबंधांबद्दल कळलं तर समुपदेशकालाही डॉक्टरसारखं नाव झाकता यावं. कलम १५ साठी मानसतज्ज्ञाला मुलगा जे सांगेल ते खटल्यात त्याच्याविरुद्ध वापरता येऊ नये, हे नियमात ठळक लिहिलं जावं. आणि फॉर्ममध्ये झोपेचा रकाना. हे शेवटचं तर एका शासन निर्णयाचं काम आहे.

माझा वकील मावसभाऊ म्हणतो, "चौदा वर्षांच्या पोराच्या सहीला किंमत काय?" मी म्हणते, दोन वर्षांनी त्याच्या कोयत्याला तुम्ही मोठ्या माणसाच्या कोयत्याची किंमत देताच की. तो म्हणतो हा युक्तिवाद नाही, हा टोमणा आहे. असेल.

खरी अडचण कोर्टात नाही, पालकसभेत आहे. गेल्या वर्षीच्या सभेत मी मुलांच्या गोपनीयतेबद्दल बोलले. मागच्या रांगेतले एक बाबा उभे राहिले. आवाज चढवला नाही, अगदी रीतसर विचारलं.

"म्हणजे माझ्या मुलीनं तुम्हाला काय सांगितलं ते मला कळणार नाही?"

"तिच्या जिवाला धोका नसेल तर नाही."

"मग आम्ही फी कशाची भरतो?"

सभागृहात बऱ्याच जणांनी माना डोलावल्या. मुख्याध्यापिकांनी घड्याळ बघितलं आणि पुढचा विषय घेतला, युनिफॉर्मच्या दुकानाचा.